परदेशी मेलेल्या राजाचा देह

प्रश्न : क्रुसेडच्या (ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या) मोहिमेत मरण पावलेल्या युरोपीय राजांचे देह मायदेशी कसे नेत?

उत्तर : बहुधा फक्त हाडेच नेत. देहाचे तुकडे करून ते पाण्यात किंवा वाइनमध्ये कित्येक तास उकळत. मांस सुटले की हाडे स्वच्छ करून पेटीत ठेवत. आतडी सर्वांत आधी कुजतात, म्हणून ती वेगळी पुरत. जर्मन सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाचा देह ११९०मध्ये व्हिनेगरमध्ये टिकवून पाहिला, तो प्रयत्न फसला. फ्रान्सचा राजा नववा लुई १२७०मध्ये ट्युनिसजवळ वारला. त्याची आतडी सिसिलीतल्या मोन्रेआलेला, हाडे पॅरिसजवळच्या सां-दनीला, फ्रेंच राजांच्या दफनस्थानी गेली. याला क्रौर्य म्हणणे अन्यायाचे आहे, आपल्या माणसाला पूर्वजांशेजारी विसावा मिळावा हीच त्यामागची तळमळ. पोप आठवा बोनिफेस यांनी १२९९मध्ये प्रथेवर बंदी घातली. पुढे फ्रेंच राजघराण्याने या बंदीतून खास सवलती मिळवल्या.