मॉलमध्ये पाय दुखत नाहीत, गल्लीत का दुखतात?

प्रश्न : रविवारी विमाननगरच्या मॉलमध्ये आईसुद्धा दोन तास आरामात फिरते. खराडीत घरापासून किराणा दुकान 300 मीटरवर, तरी गाडी काढावी लागते. सोसायटी यात काही करू शकते का?
– एक वाचक, खराडी, पुणे

उत्तर : नक्कीच करू शकते. मॉल म्हणजे मुळात छत घातलेला बाजाररस्ताच. व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेले वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रुएन यांनी 1956 मध्ये मिनेसोटात 'साउथडेल' हा पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल उभारला, तो मोटारींवर चालणाऱ्या उपनगराला पेठ मिळावी म्हणून. त्यांच्या आराखड्यात भोवती घरं, शाळा, दवाखानाही होता. बाकीच्यांनी उचललं ते फक्त दुकानं आणि पार्किंग. आपल्या पेठांमध्ये खाली दुकान, वर बिऱ्हाड ही रचना आधीपासूनच आहे. कमी पडते ती मॉलसारखी विनाअडथळा चालायची वाट.

आधी अंतर तपासा. ते 300 मीटर सरळ रेषेतले, की मुख्य फाटकातून वळसा घालून? मोठ्या सोसायट्यांत खरी अडचण बहुधा कंपाउंडची भिंत असते. दुकानाच्या बाजूला भिंत सार्वजनिक रस्त्याला लागून असेल, तर तिथे 1.2 मीटर रुंदीचं, पायरी नसलेलं छोटं फाटक काढा. अशी फाटकं सुरक्षेच्या भीतीने पुन्हा बंद होतात. म्हणून वेळ, कुलूप आणि रखवालदाराचा खर्च सर्वसाधारण सभेच्या ठरावातच लिहून घ्या.

मग टेप घेऊन फुटपाथ मोजा. रस्त्यांचे तांत्रिक निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनुसार निवासी भागात किमान 1.8 मीटर आणि व्यापारी भागात 2.5 मीटर मोकळी रुंदी हवी. मोकळी म्हणजे झाडाचा बुंधा, विजेच्या डीपीची पेटी, फलक सोडून उरलेली. उंची 15 सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. फूटभर उंच फुटपाथवर वयस्कर माणसं चढतच नाहीत, रस्त्यानेच चालतात. दर फाटकाशी फुटपाथ खाली उतरवणं ही आपल्याकडची नेहमीची चूक. तो सलग ठेवून गाडीसाठी उतार द्यायला हवा. दुचाकी अडवायला खांब लावताना मध्ये किमान 90 सेंटीमीटर सोडावेच लागतात, नाहीतर व्हीलचेअर अडकते. पण तेवढ्यातून दुचाकीही घुसते. त्यामुळे दुकानांसमोर रस्त्यावरच पार्किंगची जागा आखून घेणं जास्त टिकतं.

रस्ता ओलांडायची वेळही पाहा. वयस्कर माणूस सेकंदाला साधारण 0.9 मीटर चालतो; 18 मीटरच्या रस्त्याला 20 सेकंद लागतात. सिग्नल त्याहून कमी असेल, तर मध्ये थांबायला दुभाजकात जागा हवीच.

ही मोजमापं, फोटो आणि हाताने काढलेला नकाशा जोडून महापालिकेच्या नगर रस्ता-वडगावशेरी क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्या. 'फुटपाथ दुरुस्त करा' असं मोघम लिहू नका. कोणत्या खांबापासून कोणत्या फाटकापर्यंत, किती मीटर आणि काय बदलायचं ते लिहा, आणि पोच घ्या.