चावी घरात, गाडी गायब : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची गाडी बटण-स्टार्ट. दोन्ही चाव्या घरात, काच फुटल्याची खूण नाही, तरी पहाटे सोसायटीतून गाडी गेली. मग इमोबिलायझर काय करत होता? (वाचक, पिंपरी)

उत्तर : इमोबिलायझर बहुधा व्यवस्थितच चालू होता. ओळखीची चावी जवळ असेल तरच इंजिन सुरू होऊ द्यायचं, एवढंच त्याचं काम. चावी जवळ असल्याचा भास चोर निर्माण करतात.

हँडलला हात लावला की गाडी साधारण १२५ किलोहर्ट्‌झचा क्षीण संकेत सोडते. तो मीटर-दीड मीटरच पोचतो. चावीला तो मिळाला की ती ४३३ मेगाहर्ट्‌झच्या आसपास सांकेतिक उत्तर देते आणि हे उत्तर बरंच लांब जातं. चोर जोडीनं येतात. एक जण बॅगेतली अँटेना घेऊन तुमच्या दाराशी थांबतो, दुसरा गाडीपाशी. गाडीचा संकेत त्यांच्या यंत्रांमधून घरातल्या चावीपर्यंत जातो आणि चावी नेहमीसारखं खरं उत्तर देते. कोड कुठेच फोडावा लागत नाही, म्हणून तो कितीही पक्का असला तरी इथे कामाला येत नाही. एकदा इंजिन सुरू झालं की चावी लांब गेल्यावर गाडी फक्त सूचना देते. धावती गाडी मध्येच बंद पडू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते.

दारामागची खुंटी आणि चपलांच्या कपाटाचा वरचा कप्पा या जागा चावीसाठी आजपासून बंद करा. संकेत अडवणारी फॅराडे पाऊच घ्या, पण तपासून. चावी पाऊचमध्ये घाला, पाऊच दाराला टेकवून धरा आणि हँडल ओढा. दार उघडलं तर पाऊच निकामी. आतलं धातूचं अस्तर घडीवर चिरतं, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी ही तपासणी पुन्हा करा. स्टीलचा डबा वापरत असाल तर त्यालाही हीच परीक्षा. कपाटातली दुसरी चावी बहुतेक जण विसरतात, तीही पाऊचमध्येच हवी. बऱ्याच गाड्यांत स्पर्शानं दार उघडण्याची सोय बंद करता येते. रोज एक बटण जास्त दाबावं लागेल, पण आमच्या मते ते परवडतं.

प्रश्न : माझी चावी साधी, फिरवायची, आत चिप असलेली. मला धोका नाही ना? (वाचक, नाशिक)

उत्तर : वरच्या पद्धतीचा नाही. त्या चिपला बॅटरी नसते. इग्निशनभोवतीची कॉइल काही सेंटिमीटरवरूनच ती वाचते. तुमचा धोका स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे गाडीचे दोष तपासायचं यंत्र जिथे जोडतात तिथे आहे. चावी हरवली की मेकॅनिक तिथेच यंत्र लावून नवी चावी गाडीला शिकवतो. काच फोडून आत शिरलेला चोरही तेच करतो. त्या सॉकेटवर बसणारं धातूचं कुलूप मिळतं, ते बसवा आणि सर्व्हिसिंगला जाताना त्याची किल्ली बरोबर न्या.

गाडी सेकंडहँड असेल तर गाडीत नोंदलेल्या चाव्या मेकॅनिकच्या स्कॅनरवर मोजून घ्या. हातात दोन आणि नोंद तीनची असेल तर सगळ्या पुसून पुन्हा शिकवायला सांगा. त्या वेळी दोन्ही चाव्या बरोबर न्या, नाहीतर घरी राहिलेली चावीही बाद होते.

प्रश्न : इथे इंग्लंडमध्ये शेजाऱ्यांच्या गाडीचा पुढचा बंपर कुणीतरी उचकटला, हेडलाइटची वायर ओढलेली होती. हा नुसता उपद्रव आहे का? (वाचक, स्लाउ)

उत्तर : तसं समजू नका. २०२२मध्ये लंडनमध्ये एका टोयोटा आरएव्ही४चं असंच झालं आणि नंतर ती गाडीच चोरीला गेली. गाडीतल्या यंत्रणा ज्या तारांवरून एकमेकींना निरोप देतात, त्यांना कॅन जाळं म्हणतात. काही गाड्यांत हेडलाइट ज्या दोन तारांच्या कॅन जाळ्यावर असतात, त्याच जाळ्यावर 'चावी तपासली, बरोबर आहे' हा निरोपही फिरतो. चोर हेडलाइटच्या कनेक्टरमधून त्या तारांवर पोचतो आणि तो निरोप खोटाच पाठवतो. चावीला कुणी विचारतच नाही, म्हणून पाऊचही इथे निरुपयोगी. बंपर सुटलेला दिसला आणि एकाच वेळी अनेक यंत्रणांचे दोष दिसू लागले तर गाडी त्याच रात्री बंद गॅरेजमध्ये हलवा.

प्रश्न : मग नेमकं बसवायचं काय? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ज्याला रेडिओ आणि कॅन समजत नाही, असं काहीतरी. चांगला स्टिअरिंग लॉक किंवा गिअर लॉक. तो कापायला वेळ लागतो, आवाज होतो.

पेट्रोल गाडीत इंधनपंपाला लपवलेला स्विचही लावतात. तो पंपाच्या मुख्य तारेवर नको. तिथे कित्येक अँपिअर वाहतात आणि छोटा स्विच तापून जळतो. पंपाचा मोठा प्रवाह छोट्या प्रवाहानं चालू-बंद करणारा रिले असतो. त्याच्या कॉइलच्या तारेत जेमतेम पाव अँपिअर असतो, स्विच तिथे घ्या. जोड सोल्डर करून त्यावर हीट-श्रिंक (तापवली की आवळणारी) नळी चढवायला सांगा. नुसती पिळून टेप मारलेली तार उन्हात सैल होते आणि गाडी घाटात बंद पडते. मग ब्रेक कडक, स्टिअरिंग जड. वॉरंटी चालू असेल तर हा उद्योग करू नका, कुलूपच घ्या.

प्रश्न : विमा कंपनी दोन्ही चाव्या का मागते? (वाचक, सोलापूर)

उत्तर : चावी गाडीत राहिली नव्हती, हे पाहण्यासाठी. चोरीची भरपाई नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मिळत नाही. चोरी कळताच एफआयआर करा आणि कंपनीला कळवा. तपास लागला नाही तर पोलिसांचा अंतिम अहवालही जोडावा लागतो. एखादी चावी आधीच हरवली असेल तर तेव्हाची पोलीस नोंद आणि नव्या चावीचं बिल जपून ठेवा, पण गाडीच्या डॅशबोर्डमध्ये नव्हे.