का-चिंग म्हणजे नक्की काय

तुम्ही विचारलंय की इंग्लिश सिरीयलमध्ये कुणाला मोठं काम मिळालं की दोस्त लगेच 'का-चिंग!' म्हणतात, तर हा शब्द चिनी आहे का. नाही, चिनी अजिबात नाही, हा दुकानातल्या जुन्या गल्ल्याचा आवाज आहे, अमेरिकेतला.

ओहायोतल्या डेटनमध्ये जेम्स रिटी नावाच्या माणसाचा दारूचा गुत्ता होता आणि नोकर गल्ल्यातले पैसे खिशात घालायचे म्हणून तो वैतागला होता. युरोपला जाताना बोटीवर त्याने, बोट पुढे ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याचे फेरे मोजणारं यंत्र पाहिलं, आणि मग असेच पैसे का मोजू नयेत म्हणून भावाच्या मदतीने मशीन बनवून 1879 मध्ये पेटंट घेतलं. पुढच्या मशिन्सना ड्रॉवर आला, घंटी आली. बटण दाबलं की वर काचेत आकडा उभा राहणार, खटकन ड्रॉवर उघडणार आणि टिंग वाजणार, म्हणजे मालक आतल्या खोलीत असला तरी त्याला कळणार की गल्ला उघडला! मला या शब्दात हेच सगळ्यात आवडतं, की जो आवाज आज कमाईच्या आनंदाचा आहे तो मुळात नोकरावर नजर ठेवायला होता.

'चिंग' ही घंटी झाली. आधीचा 'का' म्हणजे तो यंत्राचा खटका, इंग्लिशमध्ये स्फोटाच्या आवाजाला 'काबूम' म्हणतात त्यात असतो तसा. कोणी चा-चिंग म्हणतं, ब्रिटनमध्ये करचिंग पण म्हणतात. अर्थ एकच, आला पैसा! बोलण्यातलाच शब्द आहे, ऑफिसच्या मेलमध्ये नका लिहू.

मराठीत याला एकच प्रतिशब्द मिळणार नाही असं मला वाटतं कारण आपले पैशाचे आवाज गल्ल्याचे नाहीतच, ते नाण्याचे आहेत. खिशात पैसे खुळखुळतात, नाणं खणखणीत असतं (पूर्वी रुपया दगडावर वाजवून खरा की खोटा बघायचे, त्यातला हा खणखणीत), आणि काहीच नसलं तर ठणठण गोपाळ, तोही आवाजच, रिकाम्या भांड्याचा. म्हणून भाषांतर करायचं असेल तर 'चला, खिसा खुळखुळला!' असं काहीतरी करा, का-चिंग तसंच ठेवलंत तर आजीला कळणार नाही.

आणि हो, आता वाण्याकडे क्यूआर कोडचा स्पीकर किती रुपये आले ते ओरडून सांगतो ना, तो रिटीच्या गल्ल्याचंच काम करतोय.