कोच घरचाच असला की: वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलवर, म्हणजे तिथल्या ‘मार्च मॅडनेस’ या राष्ट्रीय स्पर्धेवर लिहिताना बाप कोच आणि मुलगा खेळाडू अशा जोड्यांचा ओझरता उल्लेख केला होता. त्या दोन ओळींवरच सर्वांत जास्त पत्रं आली. त्यांतली सहा आज घेते.

प्रश्न: आपल्याकडे निवड समितीत कुणाचा पुतण्या-भाचा निघाला तरी बोंबाबोंब होते. तिथे कोच सरळ स्वतःच्या मुलाला संघात घेतो. याला काही नियम नाही का? (पुणे)

मुलाला संघात घ्यायला मनाई नाही. मुळात तिथे निवड समिती नसतेच. कुणाला घ्यायचं, कोण सुरुवात करणार, कोण किती मिनिटं खेळणार, सगळं हेड कोचच्या हातात. त्यामुळे बोलणी बसतात तीही त्यालाच.

खरी ओढाताण असते ती मोजक्या जागांची. पुरुषांच्या संघाला वर्षानुवर्षं १३ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. २०२५ पासून खेळाडूंना थेट पैसे देण्याच्या नव्या व्यवस्थेत आलेल्या कॉलेजांना १५ खेळाडूंची मर्यादा आहे. कोचच्या मुलाने शिष्यवृत्ती घेतली की दुसऱ्या कुणाची तरी हुकते. म्हणून बरीच कोचची मुलं ‘वॉक-ऑन’ म्हणून, म्हणजे खेळाची शिष्यवृत्ती न घेता संघात येतात. मिशिगन स्टेटमध्ये टॉम इझो यांचा मुलगा स्टीव्हन असाच होता, कनेक्टिकटला डॅन हर्ली यांचा अँड्र्यूही तसाच. ही मुलं सराव करतात, बेंचवर बसतात आणि सामना हातात आला की शेवटची मिनिटभर मैदानात येतात. त्यावर कुणाचा आक्षेप नसतो.

याहून वेगळं उदाहरण क्रेटन विद्यापीठाच्या डग मॅकडरमॉटचं. २०१३ मध्ये तो देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक होता. संघातल्या ग्रँट गिब्सला सहाव्या वर्षीही खेळायची परवानगी मिळाली आणि शिष्यवृत्ती एक कमी पडू लागली. तेव्हा डगने स्वतःची सोडली. त्याचे वडील ग्रेग कोच होते. तो हंगाम तो वॉक-ऑन म्हणून खेळला आणि वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

नियम आहे तो उलट्या दिशेचा: मुलगा मिळावा म्हणून बापाला नोकरी देण्याबद्दल. १९८३ मध्ये कॅन्ससच्या लॅरी ब्राउन यांनी एड मॅनिंग यांना सहायक कोच म्हणून घेतलं, त्यांचा मुलगा डॅनी कॅन्ससला आला आणि १९८८ मध्ये कॅन्सस विजेतं झालं. अशा नेमणुका वाढल्यावर एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, मैदानाबाहेरच्या पदांवर खेळाडूच्या जवळच्या माणसाला बसवायला बंधन घातलं. खऱ्याखुऱ्या कोचिंगच्या पदाला मात्र मुभा ठेवली. २०१७ मध्ये मायकल पोर्टर सीनियर मिझूरीला सहायक कोच झाले आणि मायकल ज्युनियर तिथे खेळायला आला, तो याच वाटेने.

प्रश्न: माझा मुलगा हायस्कूलच्या संघात आहे. पॉइंट गार्ड (बॉल पुढे नेऊन चाली रचणारा खेळाडू) कायम कोचचाच मुलगा. कॉलेजातही असाच वशिला चालतो का? (एडिसन, न्यू जर्सी)

‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ हे तिथेही आहेच. पण चित्र तेवढं सरळ नाही.

पुरुषांच्या डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळाच्या सर्वांत वरच्या गटात, सर्वाधिक गुण करणारे पहिले दोघं पाहा. पीट मॅराविच ३,६६७ आणि अँट्वान डेव्हिस ३,६६४. दोघांचेही कोच त्यांचे वडील. हा योगायोग नाही. पीटने १९६७ ते १९७० या तीन हंगामांत एलएसयूकडून (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) ८३ सामन्यांत ते गुण केले, सरासरी ४४.२. तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळता येत नव्हतं आणि तीन गुणांची रेषाही नव्हती. वशिल्याने कुणाला ४४ गुण मिळत नाहीत. पण सामन्यामागे सरासरी ३८ शॉट घेण्याची मोकळीक परक्या कोचने दिली असती का? मला नाही वाटत. प्रेस मॅराविच यांनी ती दिली, कारण पीटला त्यांनी लहानपणापासून स्वतः घडवलं होतं आणि त्यांना तो खेळ जगाला दाखवायचा होता. संघाचं काय झालं? तीन वर्षांत एलएसयू एकदाही एनसीएए स्पर्धेत, म्हणजे मार्च मॅडनेसमध्ये, पोहोचली नाही. १९७० मध्ये एनआयटी या दुसऱ्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत मार्केट विद्यापीठाने त्यांना हरवलं.

डेव्हिसची कथा त्याच वळणाची. वडील माइक डेव्हिस २०१८ मध्ये डेट्रॉइट मर्सीला आले, मागोमाग मुलगा आला. कोविडमुळे मिळालेलं जादा वर्ष धरून पाच हंगाम, १४४ सामने. २०२३ च्या मार्चमध्ये शेवटच्या सामन्यात २२ गुण करूनही पीटच्या बरोबरीला तीन कमी पडले. त्या पाच वर्षांत डेट्रॉइटही एनसीएए स्पर्धेत गेली नाही. टेनेसीत वेड ह्यूस्टन आणि त्यांचा मुलगा ॲलन यांचंही तेच. ॲलनने लुइव्हिलशी करार केला होता. १९८९ मध्ये वडिलांना टेनेसीची नोकरी मिळाल्यावर तो तिकडे गेला, चार वर्षांत २,८०१ गुण केले, संघ मात्र मागेच राहिला. (मॅकडरमॉट बापलेक याला अपवाद. डगच्या शेवटच्या तिन्ही हंगामांत क्रेटन एनसीएए स्पर्धेत होतं.)

म्हणून माझं मत असं: मुलगा खेळण्याच्या लायकीचा आहे का, हा प्रश्न कॉलेजच्या पातळीवर बहुतेकदा निकालात निघालेला असतो. नोकरीच जिंकण्यावर टिकून असल्यावर फार काळ आंधळं प्रेम परवडत नाही. तपासायचं ते हे, की सगळा खेळ त्या एका मुलाभोवती फिरू लागला आहे का. दहा जण सराव करतात आणि बॉल एकाकडेच जातो, असं झालं की संघ आतून पोखरतो, मग तो मुलगा कितीही गुणी असो.

मार्केट विद्यापीठाचे कोच ॲल मग्वायर याबाबत निदान लपवाछपवी करत नसत. त्यांचा मुलगा ॲली त्यांच्याच संघात होता. त्याच्या जागेवर हक्क सांगणाऱ्या खेळाडूला त्यांनी काय सांगितलं, तो किस्सा आजही सांगतात: तू आणि तो सारखे असाल तर जागा त्याची, कारण माझं त्याच्यावर प्रेम आहे, जागा हवी तर त्याच्यापेक्षा सरस हो. ऐकायला कडू आहे, पण त्या खेळाडूला आपण कुठे उभे आहोत ते तरी कळलं.

तुमच्या मुलाबद्दल एक सांगते. कोचची मुलं पॉइंट गार्ड होतात याला वशिल्याखेरीज कारण आहे. ती जिममध्येच वाढतात आणि वडिलांच्या चाली त्यांना पाठ असतात. डॅनी टार्केनियन, टोनी बेनेट, सॉल स्मिथ हे सगळे वडिलांच्या संघात गार्डच होते. कोचना भेटा, पण त्यांच्या मुलाचं नाव काढू नका. ‘माझ्या मुलाने कशावर मेहनत घेतली तर त्याची मिनिटं वाढतील?’ एवढंच विचारा. शक्यतो हे मुलालाच विचारू द्या. कोच ठोस दोन गोष्टी सांगू शकले नाहीत, तर मग तुमचा संशय खरा धरा.

प्रश्न: पाय बांधलेला एक कोच चाकाच्या स्टुलावरून पडतो, असा व्हिडिओ पाहिला. तो कशामुळे पडला, आणि त्यात मुलाचा काय संबंध? (नाशिक)

छान प्रश्न विचारलात, कारण या विषयातलं माझं सगळ्यांत आवडतं दृश्य तेच.

जॉर्जिया स्टेटचे तेव्हाचे कोच रॉन हंटर, मुलगा आर. जे. हंटर. मार्च २०१५ मध्ये कॉन्फरन्सचं (ज्या कॉलेजांच्या गटात संघ खेळतो त्याचं) विजेतेपद मिळाल्याच्या आनंदात उड्या मारताना रॉन यांच्या टाचेची शीर तुटली. चार दिवसांनी एनसीएएचा पहिला सामना, जॅक्सनव्हिलमध्ये, तिसरं मानांकन असलेल्या बेलरशी. जॉर्जिया स्टेटचं मानांकन चौदावं. रॉन साइडलाइनवर चाकाच्या स्टुलावर बसून कोचिंग करत होते. तीनेक मिनिटं उरली असताना संघ १२ गुणांनी मागे होता. तिथून त्यांनी सलग १३ गुण केले. त्यांतले १२ एकट्या आर. जे.चे. शेवटचा थ्री-पॉइंटर त्याने रेषेच्या बराच मागून टाकला, तो बास्केटमध्ये गेला आणि बाप आनंदाने स्टुलावरून खाली. ५७-५६. पुढच्या सामन्यात झेवियरने त्यांना हरवलं. त्यानंतरच्या पत्रकार परिषदेत मुलाबद्दल बोलताना रॉन यांना रडू आवरेना. आता आपण याला पुन्हा कोचिंग करणार नाही, हे त्यांना तिथे बसल्या बसल्या उमगलं होतं.

त्या दिवशी समोरच्या बेंचवर बेलरचे कोच होते स्कॉट ड्रू. १९९८ मध्ये व्हॅल्परायझो नावाच्या छोट्या विद्यापीठात ते वडील होमर ड्रू यांच्या हाताखाली सहायक होते आणि धाकटा भाऊ ब्राइस संघात होता. ओल मिसविरुद्ध (मिसिसिपी विद्यापीठ) २.५ सेकंद उरले होते आणि संघ दोन गुणांनी मागे. जेमी साइक्सने लांब फेक टाकली, बिल जेंकिन्सने हवेतच ती ब्राइसकडे वळवली, ब्राइसने तीन गुणांचा शॉट टाकला. ७०-६९. अमेरिकेत ‘द शॉट’ म्हणून आजही दाखवतात तो हाच. सतरा वर्षांपूर्वी ज्या घराने तो आनंद भोगला, त्याच घरातला माणूस २०१५ मध्ये दुसऱ्या बापलेकांकडून हरत होता. स्पर्धेच्या गदारोळात ही गोष्ट फार थोड्यांनी टिपली असेल.

प्रश्न: मुलाच्या मनाचं काय होत असेल? मैदानात ओरडा खाल्ला की मूल घरी येऊन आईबाबांजवळ मन मोकळं करतं. इथे तर ओरडणाराच घरी. (नागपूर)

ताई, सगळ्या पत्रांत मला तुमचं पत्र मोलाचं वाटलं. लोक मिनिटं मोजत बसतात आणि हे राहून जातं.

कॉलेजातला दुसरा कुठलाही खेळाडू रात्री घरी फोन लावून कोचच्या नावाने खडे फोडू शकतो. कोचच्या मुलाला ती सोय नाही. खोलीतली मुलंही त्याच्यासमोर कोचबद्दल जपून बोलतात, म्हणजे मित्रांमध्येही तो अर्धा बाहेरचा. आणि प्रेक्षक? सॉल स्मिथ १९९७ ते २००१ केंटकीत वडील टबी स्मिथ यांच्या संघात होता. पहिल्याच वर्षी संघ राष्ट्रीय विजेता झाला. तरी पुढे सामना फिसकटला की घरच्या प्रेक्षकांचा राग सॉलवर निघे, कारण त्याला बोललं की बापालाही लागत असे.

उलट टोकाला बॉब नाइट. इंडियानात मुलगा पॅट त्यांच्या संघात होता. १९९३ मध्ये नोत्र दामविरुद्धच्या सामन्यात त्याच्यावर संतापताना त्यांनी लाथ उगारली आणि विद्यापीठाने त्यांना एका सामन्यासाठी निलंबित केलं. आपण पक्षपाती नाही हे दाखवायला स्वतःच्या पोराला दुप्पट झोडपणारे कोच बरेच असतात. तोही अन्यायच, फक्त टाळ्या मिळवणारा.

आयोवाच्या मॅकॅफरी घराचं उदाहरण मला धीर देणारं वाटतं. फ्रॅन मॅकॅफरी यांच्या संघात कॉनर आणि पॅट्रिक ही दोन्ही मुलं खेळली. २०१४ मध्ये पॅट्रिक शाळेत असताना त्याच्या थायरॉइडच्या गाठीची शस्त्रक्रिया झाली. ती आटोपून फ्रॅन त्याच दिवशी विमानाने डेटनला गेले आणि रात्री सामन्यात उभे राहिले. पुढे जानेवारी २०२३ मध्ये, ऐन हंगामात, पॅट्रिकने मानसिक अस्वस्थतेचा त्रास होतोय असं उघडपणे सांगून विश्रांती घेतली. सहा सामने तो बाहेर होता, मग परतला. वडिलांच्याच संघात राहून मुलाला असं म्हणता आलं आणि ते ऐकलं गेलं, याचं मला फार अप्रूप आहे.

तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. घरात दुसरं कुणीतरी असं हवं ज्याच्याशी मूल कोचबद्दल वाट्टेल ते बोलू शकेल आणि ते कोचपर्यंत जाणार नाही. बहुतेक घरांत ते काम आईकडे येतं. संघातल्या सहायक कोचनेही त्यातला वाटा उचलावा.

प्रश्न: सगळी उदाहरणं बापलेकांचीच का? आई आणि मुलगी? (ठाणे)

आहेत. बेलरच्या महिला संघाच्या तेव्हाच्या कोच किम मल्की यांची मुलगी मकेन्झी रॉबर्टसन त्यांच्याच संघात गार्ड होती. २०१२ मध्ये एकही सामना न हरता, ४०-० अशा कामगिरीने विजेतेपद मिळवणाऱ्या संघात ती होती. प्रसिद्ध उदाहरणं कमी आहेत कारण मोठ्या संघांच्या कोच म्हणून बायकांना जागाच उशिरा आणि थोड्या मिळाल्या.

प्रश्न: मी ज्युनियर कॉलेजात क्रीडा शिक्षक आहे. पुढच्या वर्षी माझी मुलगी अकरावीला इथेच येतेय आणि ती चांगली खेळते. तिला संघात घ्यावं, की दुसऱ्या कॉलेजात पाठवावं? (सांगली)

सर, तुम्ही आधी विचारताय, यातच निम्मं काम झालं.

पहिलं तिला विचारा, आणि ‘नाही’ म्हणायची खरीखुरी मोकळीक देऊन विचारा. डग मॅकडरमॉटचं मूळ ठरलं होतं नॉर्दर्न आयोवाचं. वडील तेव्हा आयोवा स्टेटला होते आणि त्यांनी त्याला आपल्या संघात ओढलं नव्हतं. ते क्रेटनला गेल्यावर तो त्यांच्याकडे आला.

ती येणार असेल तर निवड चाचणीच्या दिवशी तिचे गुण तुम्ही देऊ नका. शेजारच्या कॉलेजातल्या एखाद्या जाणत्या शिक्षकांना बोलवा, सगळ्याच मुलींना त्यांच्याकडून गुण द्या आणि यादी फलकावर लावा. पहिल्या सरावालाच सगळ्या मुलींसमोर सांगा की ही माझी मुलगी आहे आणि तिच्याबद्दल तक्रार असेल तर अमुक मॅडमकडे करायची. नुसतं सांगून थांबू नका, त्या मॅडमना तिथे उभं करा. कर्णधारपद पहिल्या वर्षी तिला देऊ नका, मुलींनी मागितलं तरी. मैदानात ‘बाबा’ की ‘सर’ हे तिच्यावर सोडा.

घरचं अवघड आहे. सामन्यावरून येताना गाडीवर मागे ती बसलेली असेल आणि तुमच्या डोक्यात तिने सोडलेला लेअप घोळत असेल. तो विषय दुसऱ्या दिवशीच्या सरावापर्यंत काढायचा नाही, असं दोघांत ठरवा, आणि तुमच्याकडून मोडलं तर तिने तुम्हाला थांबवायचं हेही ठरवा. घरी तिच्या आईला सांगून ठेवा की ती तुमच्याबद्दल कुरकुर करेल, ती ऐकायची आणि तुमच्या कानावर घालायची नाही.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा झाल्या की मला जरूर कळवा. मुलीलाही वेगळं पत्र लिहायला सांगा, तुम्ही न वाचता पाठवलेलं.