पार्किन्सन्स झाल्याचं सांगितलं, तर लोक मला फक्त पेशंट म्हणूनच ओळखतील का?

पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं, निदान झालंय, ऑफिसात अजून बोलला नाहीत, आणि सांगितल्यावर आपली बाकीची ओळख पुसली जाईल अशी धास्ती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. मी निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठेत राहते, मलाही पार्किन्सन्स आहे. माझं मत स्पष्ट आहे: सांगा.

या आजारात आपण गप्प राहिलो तरी शरीर बोलतं, आणि लोक त्याचा भलताच अर्थ लावतात. चेहऱ्याचे स्नायू ताठरतात, हसू उमटत नाही. आवाज खाली जातो. माझ्या जाऊबाई कितीतरी दिवस मी त्यांच्यावर रागावलेय असं धरून चालल्या होत्या! कंप सगळ्यांनाच असतो असंही नाही. मला फारसा नाही, म्हणून 'तुम्हाला? वाटत नाही हो' हेही ऐकावं लागतं.

१८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी या आजारावर निबंध लिहिला, तो सहा माणसांवरून. त्यातली काही तर त्यांना रस्त्यातच दिसली होती. निरीक्षण विलक्षण अचूक होतं. पण रस्त्यातून चाल दिसते. या कुशीवरून त्या कुशीवर वळायला रात्री किती झगडावं लागतं, ते कसं दिसणार?

मला बोलायला जमलं ते पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळात, म्हणजे हा आजार असलेल्यांच्या गटात. डॉक्टरांपुढे आपण गोळीच्या वेळा आणि लक्षणं सांगतो, ते हवंच. इथे शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही काय शिकवायच्या?" मी भूमितीबद्दल बोलत सुटले. आजारामुळे अक्षर आक्रसून वह्यांवरचे माझे शेरे बारीक होत गेले, मुलं 'बाई, हे काय लिहिलंय?' विचारायला यायची, हे त्या ओघातच आलं. आजाराबद्दल सगळं सांगून झालं, तरी त्यांच्या लेखी मी भूमितीच्या बाईच होते. तेव्हापासून मी इतरांनाही तसंच सांगते, आधी माझं काम, मग त्यात आजार कुठे आडवा येतो ते.

सगळ्यांना सगळं सांगायची गरज नाही. ऑफिसात साहेबांना आणि रोज सोबत काम करणाऱ्या एक-दोघांना पुरे. गोळीचा असर उतरला की हालचाल मंदावते, पुढची गोळी लागू पडेपर्यंत थोडा वेळ लागतो, एवढं त्यांना कळलं तर कामाच्या वेळा जुळवता येतात. घरात मुलं असतील तर त्यांना मात्र आजच सांगा. बाबा आपल्यावर नाराज आहेत, असं त्यांनी तुमच्या चेहऱ्यावरून ठरवायला नको.