जज वाढले तर तारखा कमी होतील का?

प्रश्न: बांधाचा दावा वडिलांनी टाकला, ते गेले, आता तारखा मी करतोय. एसटीनं तालुक्याला जायचं, व्हरांड्यात पुकाऱ्याची वाट बघायची अन् पुढची तारीख घेऊन यायचं. जज वाढवले तर फरक पडंल का?
– एक शेतकरी, परभणी जिल्हा

उत्तर: पडंल की भाऊ. विधी आयोगानं, म्हंजी सरकारला कायद्यात सुधारणा सुचवणाऱ्या मंडळानं, १९८७ लाच सांगितलं होतं की १० लाख लोकांमागं ५० जज पाहिजेत, तेव्हा होते साडेदहाच्या आसपास, अन् आज मंजूर पदं धरली तरी निम्म्यालाही पोचलो नाही, त्यातही कित्येक खुर्च्या रिकाम्या. मग बोर्डावर ढीगभर केसेस, साक्षीदार हजर असला तरी पाळी येईस्तोर संध्याकाळ. नुसत्या जजनं भागत नाही म्हणा, स्टेनो, बेलिफ अन् बसायला खोली पण लागती. तोवर वकिलाला कोर्ट कमिशनरमार्फत, म्हंजी कोर्टानं जागेवर पाठवलेल्या माणसामार्फत, जमिनीची मोजणी मागायला सांगा, बांधाचं घोडं बहुतेक तिथंच अडतं.