‘काटकसरीपणा’ चालेल का?

नागपूरहून एका लेखासाठी शब्द शोधणाऱ्या वाचकाचा प्रश्न असा: मोजक्याच वस्तू घ्यायच्या, पैसा जपून वापरायचा, पण माल मात्र चांगलाच घ्यायचा, या तिन्हींचा मेळ घालून खरेदी करण्याला मराठीत एक शब्द आहे का? ‘काटकसरीपणा’ म्हटलं तर चालेल का?

‘काटकसरीपणा’ नको. काटकसर हे नाम, त्यावरून काटकसरी हे विशेषण. त्याला ‘पणा’ लावून पुन्हा नाम करायचं म्हणजे शब्दांची उधळपट्टी. शिवाय अर्थही पुरत नाही. यातला ‘कसर’ अरबी ‘कस्र’वरून आला: मोडणं, तुकडा, गणितातला अपूर्णांक. म्हणून मराठीत कसर म्हणजे उणीव. ती आपण भरून काढतो, कामात ठेवत नाही, आणि बारीक ताप असला तर अंगात कसर असते. काटकसर खर्च कमी करण्याबद्दल बोलते, मालाच्या प्रतीबद्दल काहीच नाही. ‘घरखर्चात काटकसर’ बरोबर; ‘काटकसरीचा मिक्सर’ कोणी म्हणत नाही.

अपरिग्रह, म्हणजे गरजेपेक्षा जास्त न साठवणं, हे व्रत आहे, योगसूत्रांतल्या पाच यमांपैकी एक आणि जैनांच्या पाच महाव्रतांपैकीही एक. बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, मिक्सर घेताना तो शब्द फार जड होतो. ‘किमानवाद’ (मिनिमलिझम) ऐकला की किमान वेतन आठवतं. ‘मितव्यय’ अर्थाने चांगला, कारण मित म्हणजे थोडं नव्हे, मोजलेलं (‘मा’ धातू, मोजणे). मिताहार करणारा उपाशी नसतो. पण बोलण्यात तो पुस्तकी वाटतो.

नामच हवं असेल तर माझं मत ‘किफायत’ला. अरबी ‘किफाया’ म्हणजे पुरेसेपणा. आपण ‘काफी’ म्हणतो तो याच धातूचा. ‘फायदा’ वेगळ्या धातूचा आहे, पण कानाला जवळचा. आज मराठीत किफायत म्हटलं की नफा किंवा कमी दर आधी आठवतो, तरी मुळात त्यात ‘पुरेल इतकं’ आहे, आणि तुम्हाला हवं ते नेमकं हेच. विशेषण मात्र ‘किफायतशीर’. दुकानांच्या पाट्यांवरचं ‘किफायती’ हे हिंदी वळण.

खरं तर ही निवड मराठी माणूस नामाने करतच नाही, क्रियापदाने करतो. ‘कितीला घेतला?’ आणि ‘कितीला पडला?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर बिलावर असतं. दुसऱ्यात आणण्याचं भाडं, दुरुस्ती, किती दिवस चालला, सगळं येतं. महागात ‘पडतं’ ते बहुतेकदा स्वस्तात ‘घेतलेलं’ असतं.

कूलरच्या ताट्यांचंच घ्या, म्हणजे त्याच्या बाजूंना लावतात त्या पाण्याने भिजणाऱ्या जाळ्यांचं. समजा गवताच्या ताट्यांचा संच ४०० रुपयांना आहे आणि दर उन्हाळ्याला बदलावा लागतो. हनीकोम पॅड, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या छिद्रांचे जाड पॅड, १५०० ला आहेत आणि चार उन्हाळे टिकतात. वर्षाला एक ४०० ला पडला, दुसरा ३७५ ला. फरक २५ रुपयांचा, म्हणजे किमतीवर निर्णय होत नाही. मग पुढचं बघायचं. पाणी बोअरचं असेल तर क्षार साचून पॅडची छिद्रं बुजतात, हवा अडते, आणि चारऐवजी दोनच उन्हाळे मिळाले तर तेच पॅड ७५० ला पडले. टाकीतलं पाणी अधूनमधून पूर्ण काढून टाकणाऱ्यालाच ते पुरतात. दुसरी अडचण जाडीची. जुन्या पत्र्याच्या कूलरची चौकट पातळ ताटीसाठी असते. जाड पॅड तिच्यात नीट बसत नाही, कडेला फट राहते, फटीतून कोरडी गरम हवा आत येते आणि चांगला माल घेऊनही गारवा कमीच. पुढच्या वर्षी खोली सोडणाऱ्या भाडेकरूला तर गवतच स्वस्तात पडतं.

‘पडणे’चा आणखी एक उपयोग आहे, ‘पडून राहणे’. मोजक्या वस्तूंचं जे काही तत्त्वज्ञान म्हणाल ते या दोन शब्दांत आलं. कितीही स्वस्तात पडलेली वस्तू वर्षभर पडून राहिली तर ती अडगळच. (कूलरही आठ महिने पडूनच असतो, पण मे महिन्यात त्याला कोणी अडगळ म्हणून दाखवावं.)

राहिला दर्जा. ‘दर्जाची वस्तू’ असं लिहिलेलं दिसतं, ते अपुरं आहे. दर्जा म्हणजे पायरी. वरची की खालची ते सांगावं लागतं. ‘चांगल्या दर्जाची’ किंवा ‘दर्जेदार’ लिहा. प्रत शब्दाचंही तेच: उत्तम प्रतीचा, हलक्या प्रतीचा. बाजारात दुकानदार ‘चालू माल’ म्हणतो तेव्हा तो हलकाच समजायचा, चालेल अशा भरवशावर घेऊ नये.

तुमच्या लेखात मथळ्याला ‘किफायत’ ठेवा आणि मजकुरात ‘पुरतं, टिकतं, कितीला पडतं’ ही क्रियापदं वापरा. टिकण्यासाठी ‘टिकाऊ’ आहेच. ‘टिकाऊपणा’तला ‘पणा’ मात्र बिनधास्त ठेवा, तिथे दुसरं सुटसुटीत नाम नाही.